तोवर ताबा कोणाकडे?

6 ऑगस्ट 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने फ्यूचर समूहात गुंतवणूक केलेल्या ॲमेझॉनच्या बाजूने निकाल दिला. फ्यूचर रिटेलने आपला धंदा रिलायन्सला विकू नये, असा आदेश सिंगापूरच्या आपत्कालीन लवादाने ऑक्टोबर 2020 मध्ये दिला होता. तो भारतात लागू होतो, असे न्यायालयाने सांगितले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल आता अभ्यासाला असतो. पण फेब्रुवारी 2022 च्या अखेरीस फ्यूचरच्या बिग बझारची दुकाने एकामागून एक बंद होऊ लागली आणि त्यांचा ताबा रिलायन्सकडे गेला. विक्री झालीच नव्हती, त्यामुळे विक्रीवरची बंदी मोडण्याचा प्रश्नच आला नाही. फ्यूचरचे भाडे थकले होते. बऱ्याच जागामालकांशी नवे करार करून रिलायन्सच्या कंपन्यांनी त्या जागा आपल्या नावावर भाड्याने घेतल्या होत्या आणि फ्यूचरला पोटभाड्याने दिल्या होत्या. पुढे पोटभाडेही थकले, करार संपवले गेले, जागा परत घेतल्या गेल्या.

24,713 कोटींच्या सौद्यावर देशातले सर्वात महागडे वकील दीड वर्ष भांडत होते. कंपनी कोणाच्या हाती जाणार, हा वाद. त्याचा शेवट भाडेकराराच्या एका कलमाने केला. जुलै 2022 मध्ये फ्यूचर रिटेल दिवाळखोरी प्रक्रियेत गेली, 2024 मध्ये अवसायनात, म्हणजे गुंडाळली जाण्याच्या टप्प्यात. कोण बरोबर होते याला मग काही अर्थ उरला नाही. (स्पर्धा आयोगाने ॲमेझॉनच्या मूळ गुंतवणुकीची मंजुरीच डिसेंबर 2021 मध्ये स्थगित केली होती, हेही सांगायला हवे. ॲमेझॉनची बाजू वाटते तितकी धुतल्या तांदळासारखी नव्हती.)

आपल्याकडे न्यायालयांवर लिहिताना चर्चा नेहमी दोनच गोष्टींची होते, निकाल काय लागला आणि किती वर्षे लागली. माझे म्हणणे असे की, खरा प्रश्न या दोहोंच्या मधे बसलेला आहे. निकाल लागेपर्यंत ती वस्तू, म्हणजे जागा, कंपनीची खुर्ची किंवा कराची रक्कम, कोणाच्या हातात राहणार? दावा वीस वर्षे चालणार असेल, तर 'तोवर' या शब्दात माणसाचे सगळे कमावते आयुष्य मावते. ज्याच्याकडे वस्तू आहे त्याला घाई नसते आणि ज्याच्याकडे नाही तो तारखा मोजत बसतो. विलंबाबद्दल आपण न्यायव्यवस्थेचा रोग म्हणून बोलतो, पण प्रत्येक दाव्यात त्या रोगावर पोसलेला एक पक्ष असतो. थांबण्याची किंमत त्या पक्षाकडून वसूल होत नाही तोवर न्यायाधीश वाढवा, संगणक आणा, फारसे काही बदलणार नाही.

मुंबई-पुण्याच्या भाडेकरू दाव्यांइतके हे स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा तात्पुरता होता. युद्धानंतरची टंचाई, फाळणीनंतर आलेले लोंढे, आकाशाला भिडलेली भाडी अशा परिस्थितीत 1 सप्टेंबर 1940 ला जे भाडे होते ते 'प्रमाणित भाडे' मानायचे, असे ठरले. त्या वेळी ते योग्यच होते. मग त्या तात्पुरत्या कायद्याला मुदतवाढ मिळत गेली, पुन्हा पुन्हा, पन्नास वर्षे. डिसेंबर 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, भाडे गोठवणाऱ्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाल्या आहेत. हे म्हटल्यावर न्यायालयाने त्या रद्द केल्या का? नाही. कायद्याची मुदत 31 मार्च 1998 ला संपतच होती आणि नवा कायदा येऊ घातला होता, म्हणून त्या तशाच राहू दिल्या. जुन्या कायद्याला त्यानंतरही मुदतवाढ मिळाली. नवा कायदा, 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 31 मार्च 2000 ला अमलात आला. त्याने वर्षाला 4 टक्के भाडेवाढ दिली, पागडीला, म्हणजे भाडेहक्क देता-घेताना घेतल्या जाणाऱ्या एकरकमी पैशाला, कायदेशीर केले आणि बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या, एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या यांचे संरक्षण काढून घेतले. पण चार टक्के कशावर? गोठलेल्या भाड्यावर. शंभर रुपयांचे एकशे चार झाले.

अशा भाड्यात राहणाऱ्याविरुद्ध मालक धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात जातो. कोणी त्याला स्मॉल कॉज म्हणते. तिथला भाडेकरूचा वकील पहिल्याच भेटीत अशिलाला काय सांगत असेल, याचा अंदाज करायला कायद्याची पदवी लागत नाही. दावा हरलो तर अपील आहे, अपील हरलो तर उच्च न्यायालयात अर्ज आहे, मग दिल्ली आहे, आणि सगळे संपल्यावर दरखास्त, म्हणजे हुकमाच्या अंमलबजावणीचा अर्ज, आहे. तेवढी सगळी वर्षे भाडे जुनेच. हे अशिलाला पटते, कारण ते बऱ्याच अंशी खरे असते. दिवाणी संहितेत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तारीख वाढवून देऊ नये असा नियम आहे. त्याच संहितेचे कलम 35अ खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दल जास्तीत जास्त 3,000 रुपये भरपाईची परवानगी देते. गिरगावातल्या एका खोलीच्या बाजारभावाशेजारी हे तीन हजार ठेवून पाहा.

2004 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने या गणिताला पहिल्यांदा हात घातला. दिल्लीच्या कॅनॉट सर्कसमधली एक व्यापारी जागा, महिन्याचे भाडे 371 रुपये 90 पैसे. भाडेकरूविरुद्ध जागा रिकामी करण्याचा हुकूम झाला, त्याने अपील केले आणि स्थगिती मागितली. अपिली न्यायाधिकरणाने स्थगिती दिली, मात्र महिना 15,000 रुपये भरण्याच्या अटीवर. उच्च न्यायालयाने ती अट काढली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लावली. आत्माराम प्रॉपर्टीज म्हणून हा निकाल ओळखला जातो. त्याचा आशय असा की, हुकूम झाल्यावर तो माणूस जुन्या भाड्यावर हक्क सांगू शकत नाही. स्थगिती ही सवलत आहे आणि सवलतीला किंमत असते.

या निकालाविरुद्ध सर्वात जोरात कोण लढले असेल? महाराष्ट्र सरकार. सुपरमॅक्स इंटरनॅशनल प्रकरणात मुंबईतल्या एका जागेत सरकार स्वतः भाडेकरू होते. भाडे महिना पाच हजारांच्या घरात. लघुवाद न्यायालयाने ताब्याचा हुकूम दिल्यावर सरकार उच्च न्यायालयात गेले आणि स्थगितीसाठी महिना 5 लाख 40 हजार रुपये भरायला सांगितल्यावर दिल्लीला गेले. 2009 च्या ऑगस्टमध्ये तिथेही हरले. भाडे कायदा करणारे, त्याला मुदतवाढ देणारे आणि 'गरीब भाडेकरू'च्या नावाने त्याचे समर्थन करणारे सरकार त्या कायद्याचा मोबदला स्वतः खात होते. खरे भाडे आणि दिले जाणारे भाडे यांत शंभर पटींचा फरक आहे, हे एखाद्या अर्थतज्ज्ञाच्या आलेखातून कळले नाही. ते स्थगितीची किंमत ठरवताना कळले.

तरीही आत्माराम निकालात एक मोठी फट आहे. किंमत सुरू होते हुकूम झाल्यावर. त्याआधीचा मूळ दावा, जो दहा-पंधरा वर्षे सहज चालतो, जुन्याच भाड्यात जातो. म्हणून आता लढाई मागे सरकली आहे. पूर्वी अपिलात होणारा वेळकाढूपणा आता कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल करण्यापासून सुरू होतो.

इथे कूळकायद्याची आठवण काढतो. 1948 च्या कायद्यात नंतर दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 1957 या दिवशी, कृषक दिनी, जमीन कसणारे कूळ तिचे मालक झाले असे मानले गेले. त्या निर्णयाने काही मालकांवर अन्याय झाला, कुळांच्या नावाखाली काही भलतेच लोक मालक झाले, विधवा आणि अल्पवयीन मालकांच्या जमिनींचे दावे पुढे पिढ्यान्पिढ्या चालले. सगळे मान्य. पण निर्णय उघड होता. विधिमंडळात झाला, तारीख ठरली, किंमत ठरवायची पद्धत ठरली, ज्यांना राग आला त्यांना कोणाला मत द्यायचे नाही हे कळले. शहरात नेमके तेच घडले, म्हणजे कब्जा असणाऱ्याकडे मालकीचा मोठा भाग सरकला, पण तो कोणी ठरवून सरकवला नाही. तो तारखांनी सरकवला. पागडीचे व्यवहार हे त्याच न झालेल्या निर्णयाचे बाजारमूल्य. भाडेकरूला मालक करायचे होते तर तसे म्हणायला हवे होते, मोबदला ठरवायला हवा होता. नाही करायचे तर भाडे वाढू द्यायला हवे होते. दोन्ही टाळून लघुवाद न्यायालयाच्या गळ्यात ते काम घातले.

आणि हे वाचून घरमालकांच्या संघटनांनी खूश होऊ नये. विलंब मालकालाही गोड लागतो, फक्त वेगळ्या ठिकाणी. दुरुस्ती करायची नाही, भाडे परवडत नाही म्हणून सांगायचे (ते बऱ्याचदा खरेच असते), सज्जे पडू द्यायचे आणि महापालिकेच्या धोकादायक इमारतीच्या नोटिशीची वाट पाहायची. इमारत रिकामी झाली की भूखंडाची किंमत मोकळी होते. भाडेकरू संक्रमण शिबिरात, पुनर्विकास कागदावर. तिथे 'तोवर' भाडेकरूच्या वाट्याला येते आणि त्याचे मूल त्या शिबिरात लहानाचे मोठे होते. उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारती ताब्यात घेऊन रहिवाशांच्या सहकारी संस्थांना देण्याची तरतूद म्हाडा कायद्यात 1986 मध्ये आली. मालकांचे त्याविरुद्धचे प्रकरण 1992 पासून सर्वोच्च न्यायालयात. 2002 मध्ये ते नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे गेले. पीठाचा निकाल 5 नोव्हेंबर 2024 ला लागला. बत्तीस वर्षांनी ठरले ते मुख्यतः एवढेच की, प्रत्येक खासगी मालमत्ता राज्यघटनेच्या अनुच्छेद 39(ब) मधल्या 'समाजाच्या भौतिक साधनसंपत्ती'त मोडत नाही. मालकांच्या मूळ अपिलांचा निर्णय पुढे नियमित पीठाने करायचा. या बत्तीस वर्षांत किती जिने कोसळले याचा हिशेब त्या निकालपत्रात येऊ शकत नव्हता, पण प्रकरणाचा तोही भागच होता.

कंपनीच्या वादात ताबा दिसत नाही म्हणून तो सौम्य वाटतो. तिथे कुलूप नसते, बेलिफ येत नाही. सायरस मिस्त्रींना टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून 24 ऑक्टोबर 2016 ला दूर केले गेले. त्यांच्या कुटुंबाच्या कंपन्यांकडे टाटा सन्सचे सुमारे 18.4 टक्के भाग. कंपनी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने जुलै 2018 मध्ये त्यांची तक्रार फेटाळली. अपिली न्यायाधिकरणाने 18 डिसेंबर 2019 ला उलटा निकाल देऊन त्यांना पदावर परत बसवले, आणि टाटांना अपिलाची संधी मिळावी म्हणून त्याच निकालात तो भाग चार आठवडे थांबवून ठेवला. ते आठवडे संपायच्या आत, 10 जानेवारी 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. अखेरचा निकाल 26 मार्च 2021 चा, टाटांच्या बाजूने.

माझ्या मते अखेरचा निकाल बरोबर होता. अध्यक्षाला काढणे म्हणजे आपोआप अल्पसंख्य भागधारकांची गळचेपी होत नाही. पण समजा, तो मिस्त्रींच्या बाजूने लागला असता. साडेचार वर्षांत नवे अध्यक्ष स्थिरावले होते, टाटा सन्स सार्वजनिक कंपनीची खासगी कंपनी झाली होती, मोठमोठे निर्णय होऊन गेले होते. मिस्त्रींनी स्वतःच जानेवारी 2020 मध्ये अध्यक्षपदाचा आग्रह सोडला होता. जिंकलेला निकाल घेऊन त्यांनी काय केले असते? कंपनी कायद्याच्या कलम 422 मध्ये अशी प्रकरणे तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे लिहिले आहे. प्रयत्न.

टाटा-मिस्त्री दोघेही तोलामोलाचे होते, म्हणून त्या प्रकरणात एक गोष्ट ठळक दिसली नाही. ती लहान कंपन्यांत दिसते. औद्योगिक वसाहतीत दोन भावांचा कारखाना असतो, भाग निम्मे-निम्मे किंवा साठ-चाळीस. बिनसते. एका सकाळी एक भाऊ डीआयआर-12, म्हणजे संचालक बदलल्याचा सरकारी अर्ज, भरून दुसऱ्याला संचालकपदावरून कमी झालेला दाखवतो. बँकेत सही बदलते. डिजिटल सहीची किल्ली हिशेबनिसाच्या कपाटात आणि हिशेबनीस कोणाचा पगारी हे सगळ्यांना माहीत. दुसरा भाऊ न्यायाधिकरणात जातो. आता पाहा, त्याचा वकील त्याच्या खिशातून आणि पहिल्या भावाचा वकील कंपनीच्या खात्यातून, ज्यात दुसऱ्याचेही चाळीस टक्के आहेत. म्हणजे बाहेर फेकलेला माणूस दोन्हीकडच्या वकिलांचे बिल भरतो आहे. असे प्रकरण सात वर्षे चालवायला पहिल्या भावाला कसलीच अडचण नाही. आणि निकालाच्या वेळी भागांची किंमत काढली जाते ती त्या सात वर्षांत त्याने जशी ठेवली तशा कंपनीची.

न्यायाधिकरणाला अंतरिम आदेशाचे भरपूर अधिकार कलम 242(4) मध्ये आहेत. प्रशासक नेमा, खात्यावर दुसरी सही ठेवा, मालमत्ता विकायला बंदी घाला. प्रत्यक्षात बहुधा मिळतो तो 'जैसे थे' आदेश. ऐकायला तटस्थ. पण जैसे थे म्हणजे काल सकाळी ज्याने खुर्ची घेतली त्याची खुर्ची कायम.

आता कर. इथे ताबा सरकारकडे असतो, आणि तो कायद्यानेच दिलेला असतो. करनिर्धारण आदेश आला, मागणीची नोटीस आली, तुम्ही अपील केले. अपील केले म्हणून वसुली थांबत नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या 31 जुलै 2017 च्या परिपत्रकाने पहिल्या अपिलाच्या काळात साधारणपणे मागणीच्या 20 टक्के भरले की उरलेली वसुली थांबवावी असे ठरवले. त्याआधी, 2016 मध्ये, हाच आकडा 15 होता. वीस टक्के हे कशाचे? अधिकाऱ्याने जो आकडा लिहिला त्याचे. त्याने दहा कोटींची मागणी काढली तर दोन कोटी भरा, मग ऐकू. मागणी फुगवणाऱ्याला कसली शिक्षा नाही. उलट, कमी मागणी काढणाऱ्याची पुढे चौकशी होऊ शकते. आयुक्तांकडचे अपील 'शक्य असेल तर' एक वर्षात निकाली काढावे असे कायदा म्हणतो. शक्य होत नाही. मधल्या काळात दुसऱ्या वर्षाचा परतावा याच वादग्रस्त मागणीत वळता होतो. वीस टक्क्यांच्या वर असे वळते केल्याबद्दल उच्च न्यायालयांनी विभागाला पुन्हा पुन्हा सुनावले आहे.

पण खरी मेख व्याजात आहे. करदात्याकडून मागणी थकली तर व्याज महिना 1 टक्का. सरकारकडून परतावा थकला तर महिना अर्धा टक्का. पैसा तोच, वाद तोच, आणि बारा विरुद्ध सहा. वस्तू व सेवा करात तर उशिरा भरलेल्या करावर 18 टक्के आणि परताव्यावर 6, अपील जिंकून मिळालेल्या परताव्याला उशीर झाला तर 9. कोणत्या बाजूने प्रकरण लांबवणे फायद्याचे आहे हे या आकड्यांत लिहिलेले आहे.

पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीचे प्रकरण या बाबतीत नमुनेदार. 1977-78 आणि त्यानंतरच्या काही वर्षांचा जास्त भरलेला आयकर कंपनीला परत मिळायचा होता. त्यावरचे व्याज विभागाने बारा ते सतरा वर्षे दिले नाही. व्याज दिले नाही त्याबद्दल भरपाई मिळावी म्हणून कंपनी लढत राहिली आणि जानेवारी 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकली. पण या निकालाचा आधार घेऊन इतर करदाते येऊ लागले तेव्हा न्यायालयाने पुढच्या एका निकालात सांगितले की, ते त्या विशिष्ट परिस्थितीतले होते, कायद्यात व्याजावर व्याजाची तरतूद नाही. म्हणजे दार उघडले आणि एकाच माणसाला आत घेऊन बंद केले.

व्होडाफोनची कथा सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिच्यातला एक तपशील सहसा सुटतो. परदेशात झालेल्या एका सौद्यावरच्या सुमारे 11,000 कोटींच्या करमागणीवर सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण चालू असताना कंपनीला 2,500 कोटी भरायला आणि 8,500 कोटींची बँक हमी द्यायला सांगितले. 20 जानेवारी 2012 ला कंपनी जिंकली. न्यायालयाने 2,500 कोटी परत करायला सांगितले ते 4 टक्के व्याजाने. त्या काळी बँकेतल्या ठेवीवर याहून बरेच जास्त मिळत होते. त्यानंतरची पूर्वलक्षी (जुन्या व्यवहारांनाही लागू होणारी) दुरुस्ती, 2020 मधला हेगचा निवाडा, सगळे झाल्यावर 2021 मध्ये सरकारने ती दुरुस्ती मागे घेतली. मागे घेताना कायद्यातच लिहिले की, वसूल केलेली रक्कम परत मिळेल, व्याज मिळणार नाही. याच दुरुस्तीत सापडलेल्या केर्न या तेल कंपनीचे तर समभागच सरकारने जप्त करून विकले होते, लाभांश घेतला होता. त्यांनाही मुद्दल घेऊन मिटवावे लागले. सरकार हरूनही अनेक वर्षे बिनव्याजी पैसे वापरून मोकळे झाले. अशा हरण्याची भीती कोणाला वाटेल?

मोठ्या कंपन्यांची दया यावी म्हणून हे सांगत नाही. त्यांच्याकडे हेगला जायचे भाडे असते. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याकडे नसते. जुलै 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि कायद्यात त्याच्या अपिली न्यायाधिकरणाची तरतूद होती. प्रत्यक्ष न्यायाधिकरणाचे उद्घाटन सप्टेंबर 2025 मध्ये झाले. आठ वर्षे पहिले अपील हरलेल्या व्यापाऱ्याला पुढे जायला दारच नव्हते. ज्याला परवडले तो उच्च न्यायालयात रिट घेऊन गेला, बाकीच्यांचे पैसे अडकले. आठ वर्षे न्यायाधिकरण नाही म्हणून कर गोळा करणे एक दिवसही थांबले नाही.

या दुखण्यावर न्यायालयाने एक जालीम उपाय करून पाहिला होता. मार्च 2018 मध्ये एशियन रीसर्फेसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, दिवाणी किंवा फौजदारी खटल्यांना दिलेली स्थगिती कारणे देऊन वाढवली नाही तर सहा महिन्यांनी आपोआप संपेल. वरवर पाहता हाच तर विलंबाचा फायदा घेणाऱ्यावर इलाज. प्रत्यक्षात झाले असे की, न्यायालयाला वेळ नाही म्हणून सुनावणी होत नव्हती आणि शिक्षा अशिलाला होत होती, त्याची स्थगिती गळून पडत होती. फेब्रुवारी 2024 मध्ये पाच न्यायाधीशांनी हा निकाल रद्द केला, आणि ते योग्यच केले. आयकर न्यायाधिकरणाच्या स्थगितीबाबतची अशीच तरतूद, करदात्याची चूक नसतानाही 365 दिवसांनी स्थगिती संपवणारी, 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली होती. उशीर कोणामुळे झाला हे न पाहता घड्याळ लावले की असेच होणार.

घड्याळाऐवजी भाडे लावा, हे माझे म्हणणे. दोष कोणाचा हे शोधायची गरजच नाही. उशीर न्यायालयामुळे असो वा वकिलामुळे, त्या काळात वस्तू ज्याच्याकडे आहे त्याने तिच्या वापराचे मोल जमा करावे. जिंकला तर त्याला परत मिळेल.

भाडेकरू दाव्यात हे असे होऊ शकते. दावा दाखल होऊन दोन वर्षे झाली की न्यायालयाने तात्पुरते भाडे ठरवावे आणि जुन्या भाड्यापेक्षा जास्तीची रक्कम मालकाच्या हातात न देता न्यायालयाच्या खात्यात, व्याजाने, ठेवावी. इमारतीची दुरुस्ती रखडली असेल तर त्यातून ती करून घ्यावी, म्हणजे मालकाच्या वाट पाहण्यालाही चाप बसेल. चाळीतल्या खोलीत राहणाऱ्या, ज्याला दुसरे घर नाही अशा कुटुंबाला यातून पूर्ण वगळावे. इथे हमखास आक्षेप येतो की, पैसे भरायला लावणे म्हणजे गरिबाला न्यायाचे दार बंद करणे. आक्षेप खरा आहे, पण तो घेऊन सहसा उभे कोण राहते? 371 रुपयांत कॅनॉट सर्कसला धंदा करणारा आणि पाच हजारांत मुंबईत कार्यालय चालवणारे सरकार. धनिक आणि निर्धन भाडेकरूंत फरक करता येतो हे 1999 च्या कायद्याने एक कोटीच्या रेषेने दाखवलेच आहे. ती रेषा खाली आणता येईल, निवासी आणि व्यापारी असा भेद करता येईल.

कंपनीच्या वादात नियम आणखी सोपा. भागधारकांच्या भांडणात कंपनीच्या पैशातून वकील घ्यायचा तर दोन्ही बाजूंचा घ्यावा, नाहीतर कोणाचाच नको. अर्ज दाखल झाला त्या दिवसाची किंमत एका स्वतंत्र मूल्यांककाकडून काढून ठेवावी, म्हणजे पुढे सात वर्षांत कंपनी पोखरून काढण्यात कोणाला रस राहणार नाही.

करात एकच बदल करा, व्याजाचा दर दोन्हीकडे सारखा ठेवा. बारा तर बारा, सहा तर सहा. वित्त मंत्रालयातले लोक म्हणतील, तिजोरीवर भार येईल. तो भार आजही आहेच, फक्त तो करदात्याच्या वहीत लिहिला जातो. सरकारने अपिलांच्या मर्यादा वाढवल्या हे चांगले केले. 2024 मध्ये न्यायाधिकरणासाठी 60 लाख, उच्च न्यायालयासाठी 2 कोटी, सर्वोच्च न्यायालयासाठी 5 कोटी. त्या मर्यादेखालची प्रकरणे विभाग बहुतांशी पुढे नेणार नाही. पण अपील करायचे की नाही हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला हरण्याची किंमत दिसत नाही तोवर मर्यादेच्या वरचे प्रत्येक प्रकरण दिल्लीपर्यंत जाणारच, कारण सोडून दिले तर प्रश्न विचारले जातात, हरले तर कोणी विचारत नाही.

एवढे करूनही दरखास्तींचा डोंगर उरतो. हुकूम मिळाला, आणि तरी त्याची अंमलबजावणी झाली नाही अशी प्रकरणे. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये उच्च न्यायालयांकडून माहिती मागवली तेव्हा देशभरात अशा सुमारे 8.8 लाख दरखास्ती पडून असल्याचे समोर आले. त्यांत सर्वात जास्त मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत, 3.4 लाखांच्या वर. हे लोक खटला जिंकलेले आहेत. त्यांच्या बाबतीत तरी कोणाचे बरोबर हा प्रश्न शिल्लक नाही, आणि वापराचे मोल लावायला नवा कायदाही लागत नाही. आत्माराम निकाल वीस वर्षांपूर्वीचा आहे. हुकूम झालेल्या तारखेपासून बाजारभावाने रक्कम भरल्याशिवाय हरलेल्या पक्षाचा एकही हरकतीचा अर्ज ऐकायचा नाही, असा नियम उच्च न्यायालय करू शकते. त्याला विधानसभेची गरज नाही, फक्त राज्य सरकारची पूर्वमंजुरी लागते. आणि तिथेच मंत्रालय विरोध करील, कारण भाड्याच्या जागांतली त्याची कार्यालयेही त्या नियमात येतील.